बरणीत मुरलेली आमटी

दसऱ्याच्या आगेमागे सिन्नर, निफाड, येवल्याकडचं सोयाबीन बाजारात यायला लागतं. मळणी यंत्रातून पडलेला पिवळा दाणा पोत्यांत भरायचा, पिकअपमध्ये टाकायचा आणि लासलगाव नाहीतर सिन्नरची बाजार समिती गाठायची. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, मॉइश्चर बघतो, काडीकचरा बघतो आणि भाव बोलतो. पोतं पुढे तेलाच्या कारखान्यात जातं. दाण्यातलं अठरा-वीस टक्के तेल काढून घेतात आणि उरलेली पेंड प्रामुख्याने कोंबड्यांच्या खाद्यात जाते. नाशिक रोडच्या एखाद्या स्वयंपाकघरात हे पीक परत येतं ते तेलाच्या पिशवीतून, फार तर सोया चंक्सच्या पाकिटातून. दाणा म्हणून ते भिजत घालणारं घर शोधावंच लागेल.

पाच-साडेपाच हजार किलोमीटरवर, कोरियात, सोयाबीन जवळपास याच दिवसांत काढणीला येतं. जुन्या पद्धतीने चालणाऱ्या घरात ते थंडीच्या तोंडावर रात्रभर भिजत पडतं, मोठ्या लोखंडी कढईत तासन् तास रटरटतं, गरम असतानाच कुटलं जातं आणि विटेएवढ्या ठोकळ्यांत थापलं जातं. ठोकळे भाताच्या पेंढ्याने बांधून आढ्याला टांगतात. तिथून ताटात यायला त्यांना वर्षभर लागतं, कधी दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त. शेवटी हाती येतो तो तपकिरी, खारट, उग्र वासाचा जाडसर लगदा. त्याचं नाव द्वेनजांग. ‘द्वेन’ म्हणजे घट्ट आणि ‘जांग’ म्हणजे आंबवलेली चटणी किंवा अर्क. हा लगदा पाण्यात कालवायचा, त्यात बटाटा, टोफू आणि कोवळ्या भोपळ्याच्या जातीची एखादी भाजी टाकून उकळायचं. झाली कोरियन माणसाची रोजची आमटी.

‘आमटी’ हा शब्द इथे मुद्दाम घेतला आहे. हॉटेलांच्या मेनूकार्डावर या पदार्थाला सूप म्हणतात आणि तिथेच वाचणाऱ्याची फसगत होते. आपल्याकडे सूप म्हणजे जेवणाआधी वाटीभर प्यायची, मक्याच्या पिठाने दाट केलेली गोष्ट. द्वेनजांगचा रस्सा भाताबरोबर खायचा असतो. कोरियन ताटात भात, किमची आणि रस्सा ही त्रयी आपल्या भात-वरण-लोणच्यासारखीच ठरलेली. पातळ केला, पालक किंवा कोबीची पानं घातली तर त्याला ‘गुक’ म्हणतात. तो साधारण आपल्या सारासारखा, प्रत्येकाला वेगळ्या वाडग्यात. भाज्या आणि टोफू घालून दाटसर केला तर तो ‘चिगे’. चिगे जाड मातीच्या छोट्या भांड्यात शिजतं आणि त्याच भांड्यातून खदखदतच पानावर येतं. पंक्तीला पाहुणे आले की कोरियन घरात मांस भाजतील, नाना तऱ्हेच्या भाज्या करतील; पण परदेशी शिकायला गेलेल्या मुलाला आठवण येते ती याच रश्श्याची.

आता बरणीकडे वळायला हवं, कारण या पदार्थाची खरी गंमत चुलीवर नाही, बरणीत आहे.

टांगलेल्या ठोकळ्यांना मेजू म्हणतात. आठवड्या-दोन आठवड्यांत ते बाहेरून वाळतात, त्यांना भेगा पडतात आणि भेगांतून पांढरी, करडी, कधी पिवळसर बुरशी डोकावू लागते. ते दिसायला इतके ओबडधोबड असतात, की कोरियात एखाद्याच्या रूपाची टिंगल करायची झाली तर त्याला मेजू म्हणतात. पण पेंढ्याने बांधण्यात शहाणपण आहे. भाताच्या पेंढ्यावर बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू मुक्कामालाच असतो. तो आणि हवेतल्या बुरश्या मिळून दाण्यातल्या प्रथिनांचे तुकडे करायला लागतात. कुणी विरजण लावलेलं नसतं, कुणी पावडर टाकलेली नसते. पेंढा आणि घरातली हवा हेच विरजण.

थंडी सरता सरता, चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यात, मेजू धुऊन, वाळवून मिठाच्या पाण्यात बुडवतात. त्यासाठी दिवस बघतात. चिनी पद्धतीच्या बारा प्राण्यांच्या चक्रातला ‘घोड्याचा दिवस’ या कामाला चांगला मानला जातो. आपल्याकडे पंचांग उघडून पापडाचा दिवस ठरवणाऱ्या आज्जीला यात काही नवल वाटणार नाही. बरणीत कोळशाचे निखारे आणि वाळलेल्या लाल मिरच्या टाकतात, कुणी लाल बोरासारखं खजूरबोरही टाकतं. बरणीच्या गळ्याभोवती पेंढ्याची दोरी बांधतात, तिच्यात मिरच्या आणि कोळसे ओवलेले असतात. काही घरांत बरणीवर कागदी मोजा उलटा चिकटवण्याची रीत होती, आत वाईट काही शिरू नये म्हणून. शनिवारी दुकानाच्या दारावर लिंबू-मिरची लटकवणाऱ्या नाशिक रोडला हे समजावून सांगायला नको.

चाळीस दिवस ते दोन-अडीच महिने गेले, की बरणी उघडते आणि एका बरणीतून दोन वस्तू निघतात. वरचं काळसर पाणी म्हणजे सोया सॉसचा कोरियन प्रकार, गानजांग. ते वेगळं काढून ठेवतात. खाली मऊ पडलेले मेजूचे ठोकळे हाताने कुस्करून, गरज वाटली तर थोडं मीठ टाकून, पुन्हा दुसऱ्या बरणीत दाबून भरतात. हे द्वेनजांग. त्याचं मुरणं आता कुठे सुरू होतं. उन्हाच्या दिवशी झाकण काढायचं, पाऊस आला की धावत जाऊन लावायचं, असं वर्षभर चालतं. या बरण्यांचं नाव ओंगी. ती आपल्या चिनी मातीच्या बरणीसारखी गुळगुळीत आणि हवाबंद नसते. तिच्या भाजलेल्या अंगात बारीक छिद्रं राहतात, त्यांतून हवा ये-जा करते, पाणी मात्र बाहेर पडत नाही. मागच्या अंगणात उन्हाची जागा बघून एक ओटा बांधायचा आणि त्यावर लहानमोठ्या ओंग्या मांडायच्या, ही जुन्या कोरियन घराची खूण होती. फ्लॅटच्या बाल्कनीत तो ओटा मावत नाही. म्हणून आज सोलमधली बहुतेक घरंही कारखान्यातला डबाच आणतात.

चवीचं कारण रसायनशास्त्रात आहे, पण ते सोपं आहे. सोयाबीनमध्ये जवळपास चाळीस टक्के प्रथिनं असतात. अखंड प्रथिनाला जिभेवर चव नसते. त्याचे तुकडे पडून अमिनो आम्लं सुटी झाली की चव येते. त्यातलं ग्लुटामिक आम्ल महत्त्वाचं. किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ते वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ असं नाव दिलं. द्वेनजांग वर्षभर मुरतं म्हणजे वर्षभर ही चव साठत जाते. आपल्या आमटीची तऱ्हा उलटी आहे. तुरीची डाळ तासाभरात शिजते, तिला स्वतःची चव बेताचीच, म्हणून फोडणी, गोडा मसाला, चिंच, गूळ असा लवाजमा येतो. कोरियन आमटीला फोडणीच नाही. तिच्या वाट्याचं काम बरणीने आधीच करून ठेवलेलं असतं. ‘भांड्यापेक्षा आतल्या जांगची चव बघावी’ अशा अर्थाची एक कोरियन म्हण आहे. ओबडधोबड मातीचं भांडं असलं तरी आत काय आहे ते बघा, असा तिचा भाव.

हे सगळं किती जुनं? बाराव्या शतकात लिहिलेल्या कोरियाच्या इतिहासग्रंथात इ. स. ६८३ मधल्या एका राजविवाहाची नोंद आहे. सिल्ला राज्याच्या राजाने वधूपक्षाकडे जी सामग्री पाठवली, तीत तांदूळ, मद्य, तेल, मध यांच्याबरोबर ‘जांग’ही होतं. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वी ही रुखवतात मांडण्याजोगी वस्तू होती. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कोरियातली जांग बनवण्याची विद्या आणि तिच्याभोवतीच्या रीतिभाती अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतल्या. थंडीआधी सगळ्यांनी मिळून किमची घालण्याची प्रथा त्या यादीत २०१३ सालीच गेली होती.

एक किस्सा तर राजकारणातला आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प दक्षिण कोरियात गेले, तेव्हा शाही मेजवानीतल्या एका पदार्थात ३६० वर्षं जुनं गानजांग वापरलं होतं. मेजवानी देणाऱ्या देशाच्या बरणीतला सॉस पाहुण्याच्या देशापेक्षा वयाने मोठा, याची वर्तमानपत्रांनी खूप मजा घेतली. हा सॉस दक्षिणेकडच्या दामयांग इथल्या की सून-दो यांच्या घराण्यातला. ३६० वर्षं तोच थेंब बरणीत पडून होता, असा त्याचा अर्थ मात्र नाही. दरवर्षी जुन्या सॉसमध्ये नवा चांगला सॉस मिसळत जायचं आणि बरणी कधीच पुरती रिकामी होऊ द्यायची नाही, अशी ही पद्धत. त्याला ते ‘बियाण्याचा सॉस’ म्हणतात. मराठीत त्याला विरजणच म्हणावं लागेल. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात घालणाऱ्या प्रत्येक घरात हेच चालू असतं, फक्त कुणी वर्षं मोजत बसत नाही.

द्वेनजांगचे नातेवाईक बरेच आहेत. जपानचा मिसो सगळ्यांत प्रसिद्ध. पण त्यात सहसा तांदळावर किंवा जवावर मुद्दाम वाढवलेली बुरशी मिसळतात, म्हणून तो गोडसर आणि मवाळ लागतो. मिसोचं पाणी खळखळ उकळायचं नसतं, सुगंध उडतो. द्वेनजांग मात्र जितकं उकळेल तितकं खुलतं. स्वभावातच फरक आहे, आणि ज्याला नाशिकच्या मिसळीचा काळा रस्सा आवडतो त्याला दोघांत द्वेनजांगच जवळचं वाटण्याची शक्यता जास्त. कोरियातच चंगुकजांग नावाचा आणखी एक प्रकार आहे. शिजवलेलं सोयाबीन उबेत दोन-तीन दिवस ठेवून तार सुटेपर्यंत आंबवायचं. त्याचा वास असा, की कोरियन लोकही त्याबद्दल एकमेकांची माफी मागतात.

या चंगुकजांगची सख्खी भावंडं भारतात आहेत, हे आपल्याकडे फारसं ठाऊक नसतं. सिक्कीम-दार्जिलिंगचं किनेमा, मणिपूरचं हवाईजार, मेघालयातलं तुंगरिंबाई, मिझोरामचं बेकांग, नागालँडचं अखुनी ही सगळी आंबवलेली सोयाबीनंच. दिल्लीत भाड्याने राहणारी ईशान्येकडची मुलं मैत्रिणीच्या लग्नासाठी अखुनी शिजवायला निघतात आणि वासापायी घरमालकिणीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांशी वाजतं, यावर २०१९ साली ‘अ‍ॅक्सोन’ नावाचा चित्रपटच आला. भाताबरोबर आंबलेलं सोयाबीन खाणारा भारत आहे. तो महाराष्ट्रात नाही इतकंच.

महाराष्ट्रात का नाही? सोयाबीन इथे ज्या वाटेने आलं, तिच्यात याचं उत्तर आहे. पहिला प्रयत्न खाण्यासाठीच झाला होता. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचे आहारप्रयोग चालवले आणि ‘हरिजन’मधून त्याबद्दल लिहिलं, स्वस्त आणि भरपूर प्रथिनं, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच सुमारास बडोदा संस्थानात सयाजीरावांच्या राज्यात अन्नविषयक पाहणीचं काम करणारे काळे नावाचे अधिकारी सोयाबीनच्या मागे लागले होते. १९३६ साली त्यांनी इंग्रजीत एक जाडजूड पुस्तक काढलं, लागवडीपासून आहारमूल्यापर्यंत सगळं सांगणारं आणि वर तीनशे पाककृती देणारं. तीनशे! एवढं करूनही सोयाबीन आपल्या चुलीपर्यंत पोचलं नाही. कच्चट वास, शिजायला लागणारा वेळ आणि तूर-मूग-मटकीची जुनी सोबत यांपुढे त्याचा निभाव लागला नाही.

दुसऱ्यांदा सोयाबीन आलं ते साठच्या दशकानंतर, पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांतून, अमेरिकी विद्यापीठांच्या मदतीने. या वेळी भर पाककृतींवर राहिला नाही; तेलाचे कारखाने उभे राहिले. मध्य प्रदेशातून ते विदर्भात, मग मराठवाड्यात उतरलं. तीन-साडेतीन महिन्यांत हाती येणारं, रब्बीला रान मोकळं करून देणारं पीक म्हणून शेतकऱ्याने ते उचललं. ज्वारी आणि कडधान्यांची रानं त्याने खाल्ली. जबलपूरचा जेएस-३३५ हा वाण वर्षानुवर्षं शिवारांवर राज्य करत होता; पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे एमएसीएस मालिकेतले वाण आले, परभणीच्या विद्यापीठाचे आले, राहुरीच्या विद्यापीठाचा ‘फुले संगम’ आला. आज राज्यात खरिपात सुमारे ५० लाख हेक्टरवर सोयाबीन असतं. लातूरच्या बाजारात त्याचा भाव काय फुटला याकडे अर्धा महाराष्ट्र डोळे लावून बसतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या बराच खाली. विधानसभेच्या प्रचारात सोयाबीन गाजलं ते त्यामुळे. एवढं पीक, एवढं राजकारण, आणि ताटात मात्र त्याला जागा नाही. पीक आलं, पाककृती मागेच राहिली.

आंबवण्याची कला आपल्याला येत नाही असं मुळीच नाही. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालून चीक काढणारं, आंबील करणारं, वर्षाचं लोणचं घालणारं हे राज्य आहे. मेजूला सगळ्यांत जवळची आपली वस्तू म्हणजे सांडगे. डाळ भिजवून, वाटून, थापून वाळवायची आणि मग वर्षभर रश्श्यात टाकायची. फरक उन्हाचा आहे. आपले सांडगे चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात दोन-तीन दिवसांत खडखडीत होतात, बुरशीला संधीच मिळत नाही. मिळाली तर आपण ते फेकून देतो. कोरियातला मेजू गारठ्यात, सावलीत, सावकाश सुकतो आणि बुरशी येण्याची वाट बघितली जाते. शिवाय जून ते सप्टेंबर नाशिकला झाकण उघडून बरणी उन्हात ठेवायची म्हटलं, तर ऊन आणायचं कुठून?

मराठी माणसाची कोरियाशी जुनी ओळख जेवणामुळे झालेली नाही. कोरियन युद्ध थांबल्यावर १९५३-५४ साली युद्धकैद्यांवर देखरेख करायला भारतीय सेनेचं जे दल कोरियात गेलं, त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांचा भारतीयांवर इतका राग, की या जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला त्यांनी नकार दिला. शेवटी त्यांना बंदरावरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. अशा पाहुण्यांना कुणी चिगे वाढलं असेल, असं वाटत नाही.

खाण्याची ओळख पडद्यावरून झाली. २००६ साली दूरदर्शनवर ‘घर का चिराग’ या नावाने एक कोरियन मालिका हिंदीत दाखवली गेली. नायिका राजवाड्याच्या मुदपाकखान्यात काम करणारी, पुढे वैद्य झालेली. राजवाड्यातल्या जांगची चव अचानक का बदलली याचा छडा लावण्याचा एक प्रसंगही त्या मालिकेत आहे. तेव्हा फारसा कुणाच्या तो लक्षात राहिला नाही. पण टाळेबंदीच्या काळात मोबाइलवर कोरियन मालिका आल्या आणि नाशिक रोडच्या कॉलेजातल्या मुलामुलींना मातीच्या भांड्यातला तो खदखदणारा रस्सा ओळखीचा झाला. दरम्यान दक्षिण कोरियाचे कारखानेही राज्यात आले होते. रांजणगावला एलजी, माणगावजवळ पॉस्कोचा पोलाद कारखाना, छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्याला ह्योसंगचा धाग्याचा कारखाना, आणि आता तळेगावला जनरल मोटर्सच्या जुन्या कारखान्यात ह्युंदाई. तिथल्या कोरियन अभियंत्यांना घरचं जेवण हवं, म्हणून पुण्यात कोरियन खानावळी उघडल्या. नाशिक रोडच्या माणसाला चिगे खायचं तर पुण्याची गाडी धरायची, नाहीतर डबा मागवून घरी करायचं.

घरी करणं अवघड नाही, डबा ओळखता आला पाहिजे इतकंच. लाल डब्यात असतं ते गोचुजांग, म्हणजे मिरचीचं. हिरव्या डब्यात मिसळलेलं असतं, ते पानात गुंडाळलेल्या मांसाबरोबर खायचं. आपल्याला हवा तो तपकिरी किंवा मातकट रंगाचा. मागची बारीक अक्षरं वाचावीत. जुन्या पद्धतीच्या द्वेनजांगमध्ये सोयाबीन, मीठ आणि पाणी एवढंच असतं. कारखान्याच्या डब्यात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं, कधी साखर, कधी माशाचा अर्क.

मासा हा शाकाहारी घरांसाठी अडचणीचा मुद्दा. नेहमीच्या चिगेचं पाणी सुकटीसारख्या छोट्या वाळक्या माशांचं आणि समुद्री शेवाळाचं असतं, वर शिंपले किंवा गोमांसही पडतं. म्हणून हॉटेलात ‘यात नुसता टोफू आहे’ यावर विसंबू नये, पाणी कशाचं ते विचारावं. पण कोरियातच याचा शुद्ध शाकाहारी अवतार शेकडो वर्षांपासून आहे. बौद्ध मठांत मांस-मासे तर वर्ज्यच, शिवाय कांदा, लसूण आणि त्यांच्या कुळातल्या सगळ्या भाज्याही वर्ज्य, चित्त चाळवतं म्हणून. तिथे शेवाळ आणि वाळवलेल्या शिताके अळिंबीच्या पाण्यात द्वेनजांग कालवतात. बेगयांगसा मठातल्या भिक्षुणी जंग क्वान यांच्या अशा स्वयंपाकावर २०१७ साली नेटफ्लिक्सने एक भाग केला आणि जगभरचे बल्लवाचार्य त्यांच्याकडे रीघ लावू लागले. थोडक्यात, चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरालाही चालेल असं चिगे आहे.

दोन माणसांपुरतं करायचं तर असं. भातासाठी तांदूळ धुताना पहिलं पाणी टाकून द्यावं आणि दुसऱ्या खेपेचं धुवण तीन कप जपून ठेवावं. हे कोरियन बायकांचंच तंत्र; धुवणातल्या पिठुळपणाने रस्सा मिळून येतो. त्यात तीन-चार वाळकी अळिंबी आणि मुळ्याच्या दोन चकत्या टाकून पंधरा मिनिटं उकळावं. मग बारीक गाळणी पाण्यात धरून दीड-दोन मोठे चमचे द्वेनजांग चमच्याच्या पाठीने घासत विरघळवावं, गाठी राहत नाहीत. एक बटाटा फोडी करून, तो निम्मा शिजला की झुकिनी, नाहीतर कोवळा दुधी किंवा दोडका, चालत असेल तर अर्धा कांदा आणि दोन पाकळ्या लसूण ठेचून. शेवटी टोफूचे तुकडे आणि तिखट हिरवी मिरची, आणखी चार मिनिटं. टोफू नाशिक रोडला ‘सोया पनीर’ म्हणून मिळतो. तो दुकानातून घरी येतो तेव्हा सिन्नरच्या पोत्यातला एखादा दाणाही कदाचित सोबत आलेला असेल.

मीठ घालायचं नाही. द्वेनजांगमध्ये शंभर ग्रॅमला दहा-बारा ग्रॅम मीठ आधीच असतं, म्हणजे वरच्या मापाने माणशी दीड-दोन ग्रॅम पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. रक्तदाबवाल्यांनी म्हणून रस्सा बेताने घ्यावा आणि त्या जेवणात पापड-लोणचं सोडावं. आंबवलेलं म्हणजे औषध, असं सांगणारे व्हिडिओ भरपूर फिरतात. त्यांच्या नादाने वाटीवर वाटी ओढू नये. फोडणी द्यायला हात शिवशिवेल, तोही आवरावा. मोहरी-हिंग पडले की ती पुन्हा आपलीच आमटी होते आणि डब्याचे पैसे फुकट जातात. पहिल्या घासाला फक्त खारट लागेल. मऊ भाताबरोबर तिसऱ्या-चौथ्या घासाला त्यामागचा खमंगपणा जिभेवर उतरतो.

उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवावा, कोरडाच चमचा घालावा. काही महिन्यांनी वरचा थर काळपट दिसेल. हवा लागून रंग गडद होतो, ते खराब झाल्याचं लक्षण नव्हे, खालीवर कालवून वापरावा. आणि पहिल्यांदा कराल तेव्हा खिडक्या उघडून करा, वरच्या मजल्यावरच्या काकूंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ‘गटार तुंबलंय का’ म्हणून विचारायला त्या खाली येणार नाहीत. आल्याच, तर वाटीभर भात आणि चिगे पुढे करा.